सिंहासनामागचं भोक

"रोज वीस मोळ्या जाळतोय, तरी वाटीतलं खोबरेल थिजलेलंच!" गडावरच्या दरबारात रंगरावराजे घोंगडीत कुडकुडत ओरडले. नाकाचा शेंडा लालबुंद झाल्यामुळे दरारा जरा कमीच पडत होता. "प्रधानजी, तळवाडीची आमराई तोडा! उद्यापासून चाळीस मोळ्या!"

दरबार सारवणाऱ्या ठकूचा हात थांबला. तळवाडी तिचं माहेर. ती आमराई तिच्या आईनं डोक्यावरून पाणी वाहून जगवलेली. ठकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"महाराज, लाकडं वाढवू नका, निम्मी करा. तेल मी वितळवते!"

प्रधानजी खो खो हसले. राजे मात्र हट्टाला पेटले. "ठरलं! दहा मोळ्या, आठ दिवस. भिंतीतला एक दगड हलवायचा नाही. नवव्या सकाळी तेल थिजलेलं दिसलं, तर आमराईवर पहिली कुऱ्हाड तूच घालायचीस!"

ठकू उदबत्ती घेऊन फिरू लागली. धूर पळेल तिथे फट, फट दिसेल तिथे शेणमाती! दारांना गोधड्या लावल्या, माळ्यावर पेंढा पसरला. सिंहासनामागचा पडदा तेवढा राहिला, कारण तिकडे फिरकायला मनाई होती.

"राजवाडा आहे की गोठा?" प्रधानजींनी नाक मुरडलं.

"गोठ्यातली म्हैस कुडकुडत नाही, प्रधानजी!"

नववी सकाळ उजाडली. दहा मोळ्या जळल्या. राजांनी घोंगडीही बाजूला ठेवली, पण सिंहासनाजवळच्या वाटीतलं तेल काही वितळेना.

"कुऱ्हाड आणा!" प्रधानजी खुशीत म्हणाले.

ठकूनं पुन्हा उदबत्ती पेटवली. धूर थेट राजांच्या डोक्यावरून पडद्यामागे पळाला.

"तिकडे नको!" राजे किंचाळले. तोवर ठकूनं पडदा सारला होता. भिंतीत मुठीएवढं भोक!

"हे हो काय, महाराज?"

राजे ओशाळले. "दरबार सुटल्यावर सरदार पलीकडच्या सज्जात थांबतात. माझ्याबद्दल काय बोलतात ते ऐकायला..."

"मग काय बोलतात?"

"शिव्या घालतात! म्हणे, या राजाच्या दरबारात बसून आमची हाडं गोठली!"

"मग बुजवूच द्या, महाराज. भोक गेलं की थंडी गेली, थंडी गेली की शिव्या गेल्या. मागे ऐकायला उरतंय काय?"

राजे असे हसले की मुकुट घरंगळला. ठकूनं भोकात शेणाचा गोळा थापला. घटकाभरात वाटीतलं तेल डुचमळू लागलं.

आमराई कायमची तळवाडीची झाली. ठकूला सोन्याचं कडं मिळालं, आणि तिनं ते शेणाच्या हातानंच घातलं.