पाटलांचं धोतर आणि गुरुजींचा संशय

नदीकाठच्या एका गावात एक गुरुजी होते. शिकवायचे मनापासून, पण त्यांचा कशावरच विश्वास नव्हता. घराला कुलूप लावलं की ते ओढून बघत, आणि दहा पावलं गेले की परत येऊन पुन्हा ओढत. खडू सुट्टीच्या आधी मोजत आणि सुट्टीनंतरही मोजत. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात; गुरुजींना ते लबाड दिसे.

एके वर्षी त्यांनी चौथीच्या मुलांना हायकू शिकवायला घेतलं. "तीनच ओळी," ते म्हणाले. "पहिलीत पाच अक्षरं, दुसरीत सात, तिसरीत पुन्हा पाच. बोटांवर मोजा. आणि डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा. मनचं काही घालायचं नाही."

वर्गभर बोटं नाचायला लागली. दुसऱ्या दिवशी गवळ्याच्या मुलाने पाटी आणली:

आमची म्हैस
फार फार फार ती
काळी काळी हो

अक्षरं बरोबर होती. गुरुजींनी शाबासकी दिली, पण संध्याकाळी गोठ्यावरून जाताना म्हैस खरंच काळी आहे ना, ते बघून घेतलं.

मग परिटाच्या मुलीची पाळी आली. तिने हळू आवाजात वाचलं:

दोरीवरचं
धोतर पाटलांचं
वारा नेसला

वर्ग पोट धरून हसला. गुरुजींनाही हसू फुटलं, आणि नेमका त्याच हसण्याचा त्यांना संशय आला. गेली वीस वर्षं ते स्वतः कविता करत होते. त्यांच्या वहीत चंद्र होता, कमळ होतं, विरहही होता. पण ती वही वाचून आजवर कोणी हसलं नव्हतं की रडलं नव्हतं. आणि जिला तेराचा पाढा येत नाही, ती पोर हे लिहिते?

"कुठून आणलंस हे?" त्यांनी दरडावून विचारलं.

"घाटावरून," मुलगी म्हणाली.

गुरुजींनी शाळेची पेटी उपसली, सगळी पुस्तकं चाळली. ही कविता कुठेच सापडली नाही. सापडत नाही, म्हणजे चोरी फारच सफाईने केली आहे, असं त्यांनी ठरवलं. मग ते घाटावर गेले. मुलीची आई कपडे आपटत होती.

"तुमच्या घरात लिहितं कोण?" गुरुजींनी विचारलं.

"आमच्यात कुठलं लिहिणं, गुरुजी? कोणाचं कापड ते कळावं म्हणून त्यावर बिब्ब्याच्या रसाची खूण करतो, तेवढंच," आई म्हणाली. "का हो?"

"तुमच्या मुलीने कविता चोरली आहे."

आईच्या हातातला कपडा तसाच राहिला. "असं बोलू नगा, गुरुजी. साऱ्या गावाची कापडं आमच्या घरात असत्यात. चोरीचा डाग लागला तर उद्या एक फडकं कोणी देणार न्हाई. न्हाईतर तिचं नाव काढा शाळेतनं, पर चोर म्हनू नगा."

ही गोष्ट पाटलांच्या कानावर गेली. कविता ऐकून ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अहो गुरुजी, हातच्या काकणाला आरसा कशाला? धोतर माझं, दोरी परिटाची, वारा गावाचा. यात चोरलं काय? शाळेच्या भिंतीवर लिहा ही कविता."

पण संशय एकदा घरात शिरला की पाहुण्यासारखा लवकर उठत नाही. "आधी परीक्षा," गुरुजी म्हणाले. "उद्या तिला अडगळीच्या खोलीत एकटी बसवतो. घंटा होईपर्यंत तिने नवं हायकू लिहावं. लिहिलं तर दोन्ही कविता भिंतीवर. नाही लिहिलं तर सगळ्यांसमोर चोरी कबूल करावी."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या अंगणात पाटील आले, मुलं बसली. मुलीची आई पदराचं टोक मुठीत धरून कोपऱ्यात उभी राहिली. मुलगी पाटी-पेन्सिल घेऊन आत गेली आणि गुरुजींनी बाहेरून कडी लावली.

अडगळ गुरुजींनी आधीच बाहेर काढली होती, खोली अगदी रिकामी होती. छपरात काचेचं एक काजळलेलं कौल होतं, त्यातून कसाबसा उजेड येत होता. ना नदी, ना दोरी, ना वारा. पाहिलं तेच लिहायचं, पण इथे पाहायचं काय? मुलीला रडू आलं.

बाहेर गुरुजींना चैन नव्हतं. तिने फ्रॉकच्या खिशातून चिठ्ठी तर नेली नसेल? मागच्या भिंतीला कान लावून कोणी सांगत तर नसेल? ते दाराशी जात, वाकून आत बघत आणि परत येत. थोड्या वेळाने पुन्हा जात. मुलं एकमेकांना कोपराने ढोसत होती.

घंटा झाली. मुलगी बाहेर आली आणि तिने पाटी पुढे केली. गुरुजींनी ती झडप घालून घेतली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली:

बंद दाराला
एक बारीक फट

पुढच्या ओळीवर नजर जाताच त्यांनी पाटी खाली घेतली. शेवटी पाटलांनी वाकून तिसरी ओळ वाचली:

फटीत डोळा

मुलांनी भराभर बोटं मोजली. पाच, सात, पाच. मग सगळे गुरुजींकडे बघायला लागले.

"कोणाचा गं डोळा?" पाटलांनी विचारलं.

"ते नाही दिसलं," मुलगी म्हणाली. "डोळाच दिसला. गुरुजी म्हणाले होते, पाहिलं तेवढंच लिहायचं."

गुरुजींची मान खाली गेली. पाटी पुसून टाकायला त्यांना एक क्षण पुरला असता, पण त्यांनी ती पुसली नाही. मुलीच्या आईसमोर जाऊन त्यांनी हात जोडले. "चूक माझी आहे. तुमची मुलगी चोर नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मग गेरू कालवून दोन्ही कविता त्यांनी स्वतःच्या हाताने भिंतीवर लिहिल्या.

मुलगी शाळेत येत राहिली आणि लिहीतही राहिली. पण त्यानंतर तिने आपली पाटी गुरुजींच्या हातात कधी दिली नाही. ती उभी राहून स्वतःच वाचायची. गुरुजी मागायचेही नाहीत. डोळे मिटून ऐकायचे.

तात्पर्य: संशयाने फटीला डोळा लावणाऱ्याला आतलं काहीच दिसत नाही, आतल्याला मात्र तो स्वच्छ दिसतो.