कढईची खरवड

भांड्यांच्या भांडणाची ही कथा गावोगावी निरनिराळी सांगतात. कुठे तवा बोलतो, कुठे पळी. बहुतेक पाठांत शेवटी समेट होतो. या पाठात तो होत नाही.

फार मागे एका घरी लोखंडी कढई होती. रोजची चुक्याची आंबट भाजी तिच्यात शिजे. सारे जेवून उठले की सून सारजा कढई जवळ ओढी आणि तळाची काळपट खरवड भाकरीने पुसून खाई. आपल्या अंगचे लोखंड त्या खरवडीतून हिच्या रक्तात उतरते, हे कढईला ठाऊक होते. हिच्या वाट्याला दुसरे काही उरतच नसे.

मग जर्मनचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे, लख्ख पातेले आले. "काळतोंडे, तुझी भाजीही काळीच!" ते हिणवू लागले.

सासू तानूबाईंनाही ते पटले. "सारजे, ती कढई परसात टाक. कोंबड्यांच्या पाण्याला होईल."

"राहू द्या की, आत्याबाई."

"आणि पाहुण्यांना काळी भाजी वाढू?"

सारजेला तेव्हा तिसरा महिना होता. पुढे तिचे ओठ फिके पडले, विहिरीवरून येताना तिला धाप लागू लागली. "पोरी, मला आत ने गं," कढई आक्रोश करी. तो फक्त कोंबड्यांना ऐकू येई.

"ओरड हवी तेवढी," त्या म्हणत. "आमची अंडी तरी कुठे पोचतात तिच्यापर्यंत?"

दिवस भरले. सारजा बाळंत झाली आणि रक्त थांबेना. दुपारी सुईण मागच्या दारी आली. "मूल जगेल, तानूबाई. आई गेली."

संध्याकाळी बायकांनी परसात तीन दगड मांडले आणि त्याच कढईत सारजेच्या शेवटच्या अंघोळीचे पाणी तापत ठेवले.