पांढरा अंगरखा

त्या राज्यात सगळ्या घरांची दारे एकाच मापाची होती आणि सगळ्यांना एकच वैरी ठाऊक होता. घरे जमिनीखाली, ओळीने. प्रत्येक दाराशी एक मूळ राखणीला बसलेले. वर, जिथे कुठलीही राखणदारीण कधी गेली नव्हती, तिथे त्या घराची पाने आणि हरभऱ्याचे घाटे.

सातव्या ओळीच्या टोकाला सोटी नावाची राखणदारीण होती. कामाला वाघ, पण तोंडाने फटकळ. यंदा तिच्या घराला घाटे धरले होते. ते अजून पोकळ होते. दाणा भरायला आणखी पंधरा दिवस पाणी वर चढायला हवे होते. न पाहिलेल्या त्या घाट्यांवर सोटीचा भारी जीव.

मागल्या हंगामात राज्यात मर रोगाची साथ आली होती. उभ्या घरांनी माना टाकल्या. ती आणणारा सापडला तेव्हा त्याच्या अंगात पांढरा अंगरखा होता. झाले! तेव्हापासून रीत पडली. जमीन निवली की पहिल्या दारातून हाक येई, "वैरी कसा?" मग दारोदार जबाब जाई, "पांढरा अंगरखा! माझ्या दारी सगळं ठीक!" त्यानंतरच कड्या लागत.

एके दिवशी सोटीच्या दारात पांढरा अंगरखा घातलेला एक जण येऊन उभा राहिला.

"मावशी, आत नको घेऊस," तो म्हणाला. "ओट्यावर बसू दे. उष्टंखरकटं खाईन. मी ओटा अडवला की माझ्या भावांना टेकायला जागा उरणार नाही."

"भाऊ? म्हणजे मर आणणारा तो तुझा भाऊ होता तर!"

"होता. आम्ही भाऊ पुष्कळ, मावशी. एकाच पोटचे, पण एकासारखा दुसरा नाही. मी कुणाच्या घरात शिरत नाही."

"आधी स्वतःचा अंगरखा बघ मेल्या, आणि मग ओटा माग!" सोटीने बोंब ठोकली. शेजारची जटी सगळ्यांच्या आधी धावून आली. ओळीने मिळून त्याला संपवले आणि सोटीची पाठ थोपटली. त्याने एकदाही हात उगारला नव्हता. हे सोटीला राहून राहून आठवत होते, आणि आठवले की वाईट वाटत होते.

तिसऱ्या दिवशी दुसरा आला. अंगरखा फिक्या गुलाबी रंगाचा, बोलणे साखरेत घोळलेले. विचारण्याआधीच म्हणाला, "वैरी पांढरा, मावशी! माझंही घर त्यांनीच बुडवलं." बोलताना मान कलती करण्याची त्याची ढब सोटीला ओळखीची वाटली. ओट्यावर बसू दे म्हणणाऱ्याचीही मान तशीच कलत होती. पण रोजच्या जबाबात मानेचा उल्लेख नव्हता. सोटीने कडी काढली.

पाहुण्याने पाणी चढते त्या नळांजवळ जागा मागितली. त्याला तिथे गार वाटे म्हणे. दोन दिवसांनी सोटीने वर ढकललेले पाणी अर्ध्यावरून परत आले. तिने पुन्हा जोर लावला. ते पुन्हा परत आले. वर पाने मिटल्याची सळसळ झाली. मग छपरावर काहीतरी पडले. फार हलके. पाठोपाठ दुसरे, तिसरे. घाटे पोकळच गळत होते.

सोटीला सगळे कळले. तिला रडू आले, पण त्यालाही पाणी उरले नव्हते. जटीला सावध करावे म्हणून तिने तोंड उघडले. तिच्या घशात गुलाबी तंतू दाटले होते.

जमीन निवली. पहिल्या दारातून हाक आली, "वैरी कसा?"

जबाब सरकत सरकत सातव्या ओळीच्या टोकाशी आला. सोटीच्या घरातून, हुबेहूब सोटीच्या फटकळ आवाजात, साऱ्या ओळीत सगळ्यांत मोठ्याने कुणीतरी ओरडले, "पांढरा अंगरखा! माझ्या दारी सगळं ठीक!"

मग त्याने अंगरखा झटकला, बाहेर पाऊल टाकले आणि त्याच आवाजात हाक मारली, "जटे, जरा दार उघडतेस का गं?"

शेजारची कडी सरकली.