दूर्वांचा श्लोक

कृतयुग सरत आले होते. हेमकूट पर्वताच्या पायथ्याशी, कौमुदी नदीच्या तीरी और्णव ऋषींचा आश्रम होता. तेथे हरिणे निर्भयपणे चरत, होमाचा धूर देवदारांच्या शेंड्यांवर रेंगाळे आणि अंगणभर दूर्वा माजलेल्या असत. त्या काळी ज्वालास्य नावाचा असुर उत्तरेकडून विषारी वारा सोडत असे. तो ज्याच्या अंगावरून जाई, त्याच्या देहाचा दाह होई आणि सूर्यास्तापूर्वी त्याचे प्राण जात.

और्णवांनी घोर तप केले, तेव्हा अश्विनीकुमार प्रसन्न झाले. "मुने, दूर्वांचा रस पाज, दाह शमेल. मात्र हे सर्वांना सांग."

और्णव थोर कवी होते. एवढे मोठे वरदान असे उघडेबोडके सांगायचे, हे त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी श्लोक रचला: 'हिमवंताच्या दौहित्राच्या वाहनाचा जो काळ, तो उदरव्यथेत जे चावतो, त्याचा रस दाहशामक होय.' शिष्यांकडून त्यांनी तो घोकून घेतला आणि ऋषिसभेत म्हणून दाखवण्यासाठी ते नैमिषारण्याकडे निघून गेले.

ते गेले आणि वारा आला.

आश्रमात अरणी नावाची विधवा ऋषिपत्नी राहत असे. तिची एकुलती मुलगी इषीका नदीवरून परतली ती निखाऱ्यासारखी तापून. अरणीने तिला अंगणातल्या दूर्वांवर निजवले, कारण तेवढीच जागा थंड होती.

"गुरूंनी औषध सांगून ठेवले आहे ना? बोला लवकर!"

दोघे शिष्य श्लोक म्हणत तेथेच बसले.

"हिमवंताचे दौहित्र दोन," सुतपा म्हणाला. "कार्तिकेय धरला, तर वाहन मोर."

"मोराचा काळ कोण, ते तूच सांग!" भद्रांग हसला. "गजानन धर. वाहन मूषक. मूषकाचा काळ मांजर."

"मांजर तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात! शास्त्रात मूषकाचा काळ सर्प."

"मग सर्पाचे पोट दुखले की तो काय चावतो, पंडितराज?"

"आई, पाणी," इषीका म्हणाली.

शिष्य क्षणभर थांबले आणि पुन्हा सर्पाकडे वळले. सूर्य बुडाला तेव्हा इषीकेच्या मुठी आवळलेल्या होत्या. अरणीने त्या उघडल्या. दोन्ही मुठींत उपटलेल्या दूर्वा होत्या.

सभेने घातलेली माळ गळ्यात मिरवत और्णव परतले. शिष्यांनी अर्थ विचारला.

"अरे, दूर्वा! मांजर दूर्वा चावते, एवढेही सुचले नाही?"

अरणी पुढे आली. ती रडत नव्हती.

"हे साधे का सांगितले नाहीत?"

"माते, साध्या बोलाला सभेत कोण विचारतो? गूढार्थ हे वाणीचे भूषण आहे."

"माझी मुलगी मरताना 'आई, पाणी' म्हणाली. मला कळले, मी पाणी दिले. तुमचे कळले असते, तर रस दिला असता. ती दूर्वांवर मेली, मुने! औषध तिच्या पाठीखाली होते!"

आश्रमातला होमाग्नी भडकला. अरणीने ओंजळीत पाणी घेतले.

"तिच्या मरणावर तू नक्षी काढलीस. आता काढतच राहा. तू किडा होशील. पानाच्या कातडीखाली राहून लिहीत जाशील. वळणे सुंदर असतील, अर्थ कोणालाच लागणार नाही; आणि ज्या पानावर लिहिशील, ते पान आक्रसून जाईल."

और्णवांनी हात जोडले. "हे करुणाकल्लोलिनी, हे क्षमाक्षितिस्वरूपिणी, अज्ञानतिमिरावगुंठित अशा या..."

"कळले नाही," अरणी म्हणाली आणि तिने पाणी सोडले.

'चुकलो' एवढा एक शब्द त्यांना शेवटपर्यंत सापडला नाही.

त्यानंतर अरणी गावोगाव फिरली. प्रत्येक दारात ती एवढेच म्हणे, "दूर्वांचा रस पाजा." ते ऐकून कोणी माळ घातली नाही. पण ज्वालास्याच्या वाऱ्याने पुढे कोणाचे मूल मेले नाही.

और्णव अजून लिहीत आहेत. लिंबाच्या कोवळ्या पानावर पांढरी, नागमोडी रेघ दिसते, ती त्यांची. हस्ताक्षर फार देखणे आहे.