राशीतला दगड

एका राज्यात दगडांना कान होते, आणि एकदा ऐकलेलं ते कधी विसरत नसत. म्हणून तिथली रीत अशी, की सात खड्या चढणींचा सातखडी घाट चढणाऱ्याने माथ्यावरच्या राशीत एक दगड ठेवावा आणि त्याला आपल्या जिवलगाचं नाव सांगावं.

राजा वज्रसेन म्हातारपणी पालखीत बसून घाटावरून गेला. भोई धापा टाकत होते, राजा डुलक्या घेत होता. राशीपाशी तो उतरलाच नाही. माथ्यावरचा मांत्रिक म्हणाला, "दगडाला विसरलास? मग दगड हो." राजाची पावलं दगडाची झाली, मग गुडघे, मग कंबर. वैद्यांनी हात टेकले.

दरबारातली मैना बोलली, "माथ्यावरच्या टाक्यातलं पाणी पायी जाऊन आणा. वाट तीन गोष्टी घेईल. आधी तळव्यांची कातडी, मग छातीतला दम. तिसरी घेईल तेव्हा कळणारही नाही. परवाच्या सूर्यास्ताला दगड काळजाला भिडेल."

सरदारांच्या तोंडचं पाणी पळालं. उठला तो सुभानजी, पायी निरोप पोचवणारा, साठी उलटलेला जासूद. चाळीस वर्षांमागे त्यानेच युवराज वज्रसेनाला ही वाट दाखवली होती. काय ते दिवस होते! दोघांत एक भाकरी, वर झऱ्याचं पाणी. पायांना फोड आले तेव्हा युवराज धोंड्यावर बसून कण्हला होता, "सुभान्या, पाय दुखतात रे." सुभानजीने आपला पटका फाडून त्याच्या पायांना बांधला. "दुखू द्या, युवराज. दुखतात म्हणजे आपले आहेत." माथ्यावर युवराजाने दगड ठेवला, पण नाव कुणाचं घेतलं ते काही केल्या सांगितलं नाही.

सुभानजी निघाला. पहिल्या खडीला तळवे सोलले. चौथीला दम संपला. तो चार पावलं चाले आणि बसे. सातव्या खडीला वाटेने त्याची आठवण घेतली. आपण कुठे निघालो, कुणासाठी, काही सुचेना. नुसता दगडांचा राग आला आणि घरी परतावंसं वाटलं. तरी माथ्यावर राशीपाशी येताच सवयीने हाताने दगड उचलला, ओठांशी नेला. नावच आठवेना. म्हातारा रडू लागला.

तेव्हा राशीच्या तळातून एक दगड तरुण आवाजात बोलला, "माझा सुभान्या."

तो आवाज त्याने ओळखला. सगळं आठवलं. "वज्रसेन," असं हातातल्या दगडाला सांगून त्याने तो राशीत ठेवला आणि टाक्यावर जाऊन तुंबा भरला.

चढण दम काढते, उतरण गुडघे. कधी बसत, कधी घसरत तो दुसऱ्या दिवशी ऊन कलताना वाड्यात पोहोचला. दगड राजाच्या बरगड्यांपर्यंत चढला होता. सुभानजीने पाणी ओतलं. बरगड्या मोकळ्या झाल्या, कंबर सुटली, शेवटी अंगठा हलला. राजा उठून दोन पावलं चालला आणि मटकन खाली बसला.

"सुभान्या, पाय दुखतात रे."

सुभानजीने डोक्याचा पटका सोडला आणि फाडायला घेतला.

"दुखू द्या, महाराज."