पोटावरचं लिंबू

“गोदूबाईंना हे श्वासाचे चाळे तुम्हीच शिकवलेत ना?”

डॉक्टर गुळवणी मठाच्या ओसरीवर अजून टेकलेही नव्हते. टेकडी चढून दम लागला होता आणि रागानं कानशिलं तापली होती.

निरंजनगीर बाबा शेंगा सोलत बसले होते. “मी कशाला शिकवू? मठ झाडायला आली तेव्हा श्वास घेतच होती की.”

डॉक्टरांचा पारा आणखी चढला. म्हातारीच्या फुप्फुसात गाठ, आणि याला विनोद सुचतोय.

तावातावानं त्यांनी सगळं ऐकवलं. गाठ श्वासाबरोबर बोटभर वरखाली होते. म्हणून स्कॅन करताना बाईंचा अख्खा श्वास टिपून ठेवलाय, कुठल्या क्षणी गाठ कुठं असते त्यासकट. उपचाराच्या वेळी पोटावर एक लहानशी डबी ठेवतात. कॅमेरा तिच्यावर नजर ठेवतो आणि श्वास स्कॅनमधल्याशी जुळला तरच किरण सुटतात. स्कॅनच्या दिवशी श्वास अगदी घड्याळासारखा होता. आता रोज वेडावाकडा, आणि मशीन सारखं थांबतं. असंच चाललं तर किरणांचा घेर वाढवावा लागेल, आणि बाईंचं उरलंसुरलं चांगलं फुप्फुसही भाजेल.

“रोज बाहेरून माइकवर घसा फोडतो मी. नीट घ्या, नीट घ्या... ऐकतच नाहीत. तुमचा तो प्राणायाम आधी बंद करा.”

बाबांनी सूप बाजूला सारलं.

“निजा इथं.”

“मी?”

“हात डोक्यावर. ती निजते तसे.”

नाही म्हणावं तर हार पत्करल्यासारखं होणार. डॉक्टर धुसफुसत घोंगडीवर आडवे झाले. बाबांनी त्यांच्या पोटावर एक लिंबू ठेवलं आणि ओसरीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले.

“नीट घ्या,” ते तिथून ओरडले.

लिंबू डुगडुगलं.

“चुकला. परत... नीट.”

डॉक्टर दातओठ खात श्वास मोजू लागले. तिसऱ्या खेपेला लिंबू घरंगळत अंगणात गेलं. एवढा शिकलेला माणूस, आणि ही थट्टा.

बाबांनी लिंबू उचलून आणलं, पुन्हा पोटावर ठेवलं. या वेळी मात्र उशाशीच बसले आणि मुकाट्यानं शेंगा सोलू लागले. टरफलं फुटल्याचा तेवढा आवाज...

बऱ्याच वेळानं डॉक्टरांच्या ध्यानात आलं, लिंबू मघापासून संथ वरखाली होत होतं.

“स्कॅनच्या दिवशी तिच्यापाशी कोण होतं?”

“मीच. तासभर बसून सराव करून घेतला. त्यांच्या म्हशीच्या गप्पा मारत.” आपला आवाज खाली आलाय याचाही डॉक्टरांना राग आला. ते ताडकन उठून बसले. “पण किरण चालू असताना आत कुणाला थांबताच येत नाही, बाबा. चार हात जाड भिंत असते. अपायाचं काही अलीकडं येत नाही.”

बाबांनी घोंगडीवर घरंगळलेलं लिंबू उचललं. मग त्यांनी मान वर केली. त्यांच्याही डोळ्यांत आता राग होता.

“चार हात जाड... मग तुमचा संताप आत कसा पोचतो?”