सप्ताहातली मुकी वीणा

सखानंद महाराज धोंडजवळ्यात राहत होते, त्या दिवसांतली ही गोष्ट. ओढ्याकाठच्या मारुतीच्या देवळात त्यांचा मुक्काम असे. ते कुठून आले हे गावाने कधी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. एक कांबळे, एक लोटा आणि येईल त्याच्याकडे बघून हसणे, एवढाच त्यांचा संसार.

भाविकहो, तो काळच निराळा होता. गावात वीज नव्हती, कर्णे नव्हते. चैत्रात सप्ताह बसला की रानातली माणसे हातपाय धुऊन थेट देवळात येत. सात दिवस नाम अखंड चाले. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाई. ती जमिनीला टेकायची नाही, असा नेम होता. आता कर्ण्याचा आवाज चार गावांत जातो आणि मंडपात वीणेकऱ्याजवळ दोन म्हातारे पेंगत असतात. असो. आठवले की जीव तुटतो, म्हणून बोललो.

सप्ताहाचे कीर्तनकार होते त्र्यंबकबुवा. आवाज असा पहाडी की ओढ्यापलीकडची गुरे माना वर करत. गळा ही देवाची देणगी, असे ते प्रत्येक कीर्तनात सांगत. पण सांगतानाही गळा किती चांगला आहे तेवढेच ऐकू येई. तरी माणूस वाईट नव्हता. कौतुकाने जरा फुगला होता, इतकेच.

देवळाच्या भिंतीला लागूनच ठकूबाई कुंभारणीचे घर होते. नवरा गेलेला, पदरी एकच मुलगी, मंजुळा. सप्ताहाला लागणाऱ्या घागरी ठकूबाई दर वर्षी स्वतः घडवून आणून देई आणि मंडपाच्या अगदी कडेला बसे. त्या वर्षी सप्ताह बसण्याआधी मंजुळाच्या टाचेत गंजका पत्रा घुसला. ठकूबाईने हळद भरली, जखम वरून मिटली, पोर खेळायला पळाली. आणि सप्ताह सुरू झाला तोच मंजुळाची दातखीळ बसली, मान मागे ओढली गेली.

शेजारणी म्हणाल्या, बाहेरची बाधा आहे. कोणी लिंबे आणली, कोणी अंगारा. महाराज आले, त्यांनी मंजुळाच्या जबड्यावरून हलकेच बोटे फिरवली आणि लिंबे सरबताला ठेवायला सांगितली. मग गाडी जुंपवून तालुक्याच्या डॉक्टर कर्णिकांना बोलावणे धाडले.

डॉक्टरांनी पाहताक्षणी धनुर्वात ओळखला. इतका जोराचा त्यांनीही क्वचितच पाहिला होता. त्यांनी इंजेक्शने दिली, जखम उघडून धुतली आणि महाराजांना बाजूला घेऊन सांगितले, "औषध काम करील, पण त्याला वेळ हवा. गाडीतून नेली तर हादऱ्यांनीच जाईल. इथेच ठेवा, अंधारात. आणि आवाज नको. आवाज झाला की आचका येतो, आणि एखाद्या आचक्यात श्वास परत यायचाच नाही."

भिंतीपलीकडे टाळ आणि पखवाज तर दणाणत होते! प्रत्येक ठेक्याला पोरीचे अंग धनुष्यासारखे वाकत होते. ठकूबाई धावत मंडपात गेली. उभ्या जन्मात ती तिथे मोठ्याने बोलली नव्हती. त्या दिवशी मधोमध उभी राहून तिने हात जोडले.

"बुवा, पाया पडते. वाईच थांबवा. टाळ वाजला की लेकरू मरतंय माझं."

बुवांनी हात वर करून पखवाज थांबवला आणि लोकांकडे बघून हसले. "ऐकलंत? नामाने मेलेले तरतात असं आम्ही सांगतो. हिच्या घरी नामाने माणूस मरतं! ठकूबाई, मग नाम खोटं, का तुझी भक्ती खोटी?"

चारदोन माणसे हसली. ठकूबाई हलली नाही. ती जोडलेले हात तसेच ठेवून उभी राहिली.

तेवढ्यात महाराज आले. त्यांनी वीणेकऱ्याच्या गळ्यातली वीणा काढून आपल्या गळ्यात घातली आणि तारांवर तळवा ठेवला. महाराज म्हणाले, "वीणा जमिनीला टेकली नाही, सप्ताह मोडला नाही. आता नाम मनात घ्या."

बुवा संतापले. सप्ताह बुडाला, गावाला दोष लागणार, असे म्हणत ते मंडपातून निघून गेले. पण गावाने महाराजांचे ऐकले. टाळांना फडकी गुंडाळली, देवळाच्या घंटेला गोधडी बांधली, बैलांच्या गळ्यातले घुंगूर उतरवले. लोहाराने भाता बंद ठेवला. ठकूबाईच्या दारावरून माणसे वहाणा हातात घेऊन जात. वीणा गळ्यातून गळ्यात जात होती आणि नुसते ओठ हलत होते. असे गाव होते हो ते!

मधल्या एका दुपारी बुवा महाराजांना जाब विचारायला ठकूबाईच्या घरात शिरले. दार त्यांनी मागे लोटले आणि बिजागरी करकरली. तेवढ्याने मंजुळाला आचका आला. टाचा आणि डोके टेकलेले, मधले अंग सगळे वर. श्वास थांबला. तिथेच मुक्काम ठोकलेले डॉक्टर सुई घेऊन वाकले. ठकूबाईने रडू फुटू नये म्हणून पदराचा बोळा तोंडात कोंबला.

बुवा दाराशीच थबकले. मागे सरावे तर दार पुन्हा करकरणार. महाराजांनी ओठांवर बोट ठेवून त्यांना खाली बसायची खूण केली. बुवा भिंतीशी बसले. मुलीचा श्वास मोठ्या कष्टाने परत आला, पण दिवस मावळेपर्यंत त्यांना हलता आले नाही. ज्या गळ्यावर त्यांची सारी मिजास होती, तो गळा आवळून धरून ते अंधारात बसून राहिले. आपल्या करकरीने हे पोर जाणार होते, एवढेच त्यांना दिसत होते. त्यांनी देवाला मनातल्या मनात हाक मारली, आणि मनातच एक अभंग म्हणायला घेतला.

काल्याचा दिवसही मुकाच गेला. पण त्यानंतर आचके विरळ होत गेले. एका सकाळी मंजुळाचा जबडा सैल झाला, तिने दोन घोट दूध गिळले आणि आईला विचारले, "बुवा आज नाही म्हणायचे?"

"कुठं म्हणत्यात गं, बाळा? समदं बंद हाय."

"माझ्या उशाशी बसून म्हणत व्हते की. लई गोड. आचका आला तरी दुखत नव्हतं." आणि त्या खरखरीत आवाजात तिने दोन ओळी गुणगुणल्या.

बुवा विचारपूस करायला दारातच आले होते. ते जागीच थिजले. ती चाल त्यांनी काल्याच्या कीर्तनासाठी बांधली होती आणि कोणालाही, अगदी पखवाज्यालाही, ऐकवली नव्हती. त्या दुपारी अंधारात त्यांनी मनात म्हटली होती ती हीच.

"महाराज," ते आत बसलेल्या महाराजांना कसेबसे म्हणाले, "मी तर ओठसुद्धा हलवला नव्हता."

महाराज म्हणाले, "म्हणून तर तिला सोसलं. इतकी वर्षं तुम्ही आम्हाला ऐकवत होता, बुवा. त्या दिवशी त्याला ऐकवलंत."

बुवांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. ते महाराजांच्या पायांवर वाकले, तर महाराजांनी पाय मागे घेतले आणि ठकूबाईकडे नुसते पाहिले. बुवांना समजले. ठकूबाई अवघडून मागे सरू लागली, "आवं बुवा, आसं नगा करू," म्हणू लागली. पण त्र्यंबकबुवांनी अंगणात विचारपूस करायला जमलेल्या माणसांसमोर तिच्या चिखलाने माखलेल्या पायांवर डोके ठेवले, आणि बराच वेळ उचलले नाही.